टेकडीच्या बसचे उमेदवार

गाडी शिकवणारे सर निवडणुकीला उभे राहिले ते 'गाड्या कमी, बस जास्त' असं म्हणत. उद्या सगळं गाव खरंच बसने जायला लागलं तर आपल्या ड्रायव्हिंग स्कूलला टाळं लागेल, हे सरांच्याही लक्षात आलं होतं; पण पत्रकं छापून झाल्यावर. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची शाळा असती, तर मी तिथे मुख्याध्यापक झालो असतो," ते बायकोला म्हणाले.

"शिपाई," बायको म्हणाली. "मुख्याध्यापकाला थोडं तरी डोकं लागतं."

खरी पंचाईत दारोदार फिरताना झाली. वॉर्डातल्या निम्म्याअधिक लोकांना गाडी सरांनीच शिकवलेली, आणि शिकवताना सरांच्या जिभेला हाड नसायचं. ज्या बाईंना त्यांनी "डोळे घरी ठेवून आलात का?" असं भर चौकात विचारलं होतं, त्यांच्याच दारात आता हात जोडून उभं राहायचं. बाई हसून म्हणाल्या, "सर, मत देताना आधी आरशात बघू ना?" शेजारच्या दारात दाताचे डॉक्टर निघाले. त्यांना सरांनी "मला तुमच्या पेशंटांची दया येते" असं ऐकवलं होतं. सरांनी पत्रक उंबऱ्यावर ठेवलं आणि काढता पाय घेतला.

उभं राहण्याचं खरं कारण मात्र पत्रकात नव्हतं. टेकडीवर सरांची थोरली बहीण एकटी राहायची. आई गेल्यावर तिनेच सरांना लहानाचं मोठं केलं होतं. नगरपालिकेने टेकडीची बस परवडत नाही म्हणून बंद केली आणि ताईचं खाली येणंच सुटलं. गुडघ्यांना उतार सोसत नव्हता, आणि कुणी नेलं तरच जायचं हे तिच्या स्वभावात नव्हतं. भावाच्या गाडीचं तर नावच काढू देत नसे. "सणासुदीला आणलेल्या पाहुण्यासारखी मला नेऊ-आणू नकोस. माझी मी येईन, माझी मी जाईन," ती म्हणायची. तिची बस तिला परत मिळावी, एवढाच सरांचा सगळा जाहीरनामा. बाकीची कलमं जागा भरायला होती.

समोर होते दोनदा निवडून आलेले पार्किंगदादा. बाजारात पाच मजली पार्किंग बांधायचं हे त्यांचं एकच स्वप्न, म्हणून हे नाव. त्यांच्यावर मात करायला सरांनी नामी युक्ती काढली. एका रविवारी मिनीबस भाड्याने घ्यायची, मतदारांना भरायचं आणि टेकडीची फेरी मारून दाखवायची. मोठेपणाच्या भरात त्यांनी पार्किंगदादांनाही बोलावलं.

बसचा ड्रायव्हर सरांचाच जुना विद्यार्थी. सर त्याच्या शेजारी बसले, आणि तिथेच घात झाला. शिकवायच्या गाडीत सरांच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. बसमध्ये तो नव्हता, पण हे पायाला कोण समजावणार? वळण आलं की सर दाणकन पाय आपटत आणि ओरडत, "अरे क्लच! क्लच कुणासाठी ठेवलाय?" चढाच्या मध्यावर ड्रायव्हरने बस बाजूला घेतली, बंद केली आणि किल्ली सरांच्या हातावर ठेवली.

"घ्या सर. तुम्हीच चालवा."

सगळी बस सरांकडे बघायला लागली. सरांनी बस कधी चालवलीच नव्हती. आयुष्य गेलं ते दुसऱ्याच्या हातातली गाडी थांबवण्यात.

"मला येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आजवरच्या एकाही भाषणाला असा हशा मिळाला नव्हता.

"मग मागे बसा," ड्रायव्हर म्हणाला. "अगदी शेवटी. रस्ता दिसणार नाही असे."

सर कान पाडून शेवटच्या सीटवर जाऊन बसले. वर थांब्यावर ताई ठेवणीतले कपडे घालून उभी होती. ती चढली, भावाशेजारी बसली, आणि बस बाजारात उतरली तेव्हा खिडकीला नाक लावून म्हणाली, "अरे, शिंप्याचं दुकान अजून तिथेच आहे की!" पार्किंगदादा पुढून वळून वळून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचं नवं पत्रक आलं. त्यात पार्किंगच्याही वर, ठळक अक्षरांत, छापलं होतं: टेकडीची बस, पहिल्याच महिन्यात.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "दिवसाढवळ्या चोरी आहे ही!"

"नगरपालिकेत बहुमत कुणाचं?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

"त्यांचं."

"मग कुणाची बस आधी येईल?"

उत्तर सरांना माहीत होतं. मतदानाच्या दिवशी आडोशाला उभं राहून त्यांनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं. पत्रकातला फोटो काही वाईट नव्हता, असंही त्यांना वाटून गेलं. मग स्वतःवरच चरफडत त्यांनी पार्किंगदादांना मत दिलं.

सर दणकून आपटले. दादांनी मात्र शब्द पाळला. बस सुरू झाली, आणि पहिल्याच सकाळी ताई एकटी, कुणाचा हात न धरता, सरांच्या दारात आली.

"तू हरलास त्याचं फार वाईट वाटलं रे," बसल्या बसल्या ती म्हणाली. "मी तर टेकडीवरच्या केंद्रावर जाऊन तुलाच दिलं होतं मत."

सर चाटच पडले. "अगं, बस ते आणणार हे ठाऊक नव्हतं तुला?"

"ठाऊक होतं की. नसती आली तर बसले असते घरी. तुला सोडून दुसऱ्याला मत द्यायला माझा हात धजेल का?"

सरांनी मान खाली घातली. "माझा धजला," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"म्हणजे आपण दोघं मतदानाला गेलोच नसतो तरी चाललं असतं!"

तिने भावाचा हात हातात घेतला, आणि परतीची बस येईपर्यंत सोडला नाही.