मी शिळं पाणीही मोजतो

मी पाण्याचा मीटर बोलतोय. पितळेचं अंग, काचेचं तोंड, पोटात एक छोटी चक्री. आजवर माझ्यावर गोणपाट टाकून झालं, शिव्या घालून झाल्या, कपडे धुवायच्या धोपाटण्यानं मारूनही झालं. तरी मी बोलणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं खुशाल कानात बोटं घालावीत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईनं माझ्यातून शंभर लिटर पाणी सोडलं, मी शंभरच दाखवले, आणि तिनं माझ्या पाठीवर खडूनं बरोबरची खूण केली. एवढंच माझं शिक्षण. पुढची दोन वर्षं बीडच्या एका दुकानात कुलपांशेजारी लटकून काढली. कुलपं रोज खपायची. माझी लोक किंमत विचारायचे आणि परत खुंटीला टांगायचे.

मला विकत घेतलं ते रईसनं. तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाड्या दुरुस्त करतो आणि पाटोद्यात मुक्ताबाईंच्या माडीवर भाड्यानं राहतो. बायको मेहेक, तिला सातवा महिना. मला काही हौसेनं आणलं नव्हतं. घरमालकिणीचा हुकूम होता.

त्यांच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो. गच्चीवर दोन हजार लिटरची एकच टाकी, खालच्या आणि वरच्या घराला मिळून. तीन महिन्यांपासून नळ येण्याआधीच टाकी कोरडी पडत होती, आणि मुक्ताबाई जिन्यात उभ्या राहून वर ऐकू जाईल असं बोलायच्या.

"आमी सासू-सून दोघी, वर त्ये दोघं. मंग पाणी जातंय कुठं? दिसभर धुणं चालतंय वर. मीटर लावा, न्हाई तर महिनाअखेर घर खाली करा."

पोटुशी बाई घर कुठं शोधणार? रईस दुसऱ्याच दिवशी मला घेऊन आला.

मुक्ताबाईंची सून योगिता शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, मोजायचंच तर सगळंच मोजू. तिनं दोन्ही घरांना लाइटचे सबमीटर लावून घेतले, दोन्ही सिलिंडरांखाली वजनकाटे ठेवले. तोवर या घरात सिलिंडर हलवून बघायचे आणि हलका लागला की पुरणाचा बेत पुढं ढकलायचे. आता रोज सकाळी सगळे आकडे दाराआडच्या कॅलेंडरवर चढू लागले. मला मात्र मुक्ताबाईंनी फक्त वरच्या घराच्या पाइपवर बसवायला लावलं. चोरावर पहारा, असं म्हणाल्या. मला तेव्हाच राग आला. मी कुणाचा पहारेकरी नाही.

आठ दिवसांत माडीवर सातशे लिटर पाणी गेलं. दोन माणसं, रोजचे नव्वद लिटरही नाहीत. लाइट आणि गॅसमध्येही बोट ठेवायला जागा सापडली नाही. टाकी मात्र पुन्हा कोरडी.

"मीटर खोटा हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "रईसनं आणला, रईसनं बसवला. हवेवर फिरतोय त्यो."

हवेवर माझी चक्री फिरते, हे मी नाकारत नाही. पण हवेनं आकडा वाढतो हो, कमी होत नाही. रागावलेल्या माणसाला गणित कोण सांगणार?

मेहेक जिन्यावरूनच म्हणाली, "मंग तुमच्या पाइपवर बसवा, मावशी. बघू तिथं तरी खरं बोलतो का."

त्याच संध्याकाळी रईसनं मला खालच्या घराच्या पाइपवर बसवलं. नळ आला, टाकी भरली, आणि सात दिवस सगळं ठीक चाललं. आठव्या सकाळी, नळाच्या वारी, कुणीतरी अंगणातली तोटी पूर्ण सोडली. पाऊण तास मी नुसता भणभणत होतो. चारशे लिटर गेलं, सगळं गटारीत. तोटीपाशी कमरेला पदर खोचून मुक्ताबाई स्वतः उभ्या होत्या. एरवी त्या हे काम सून शाळेत गेल्यावर उरकत. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

"आत्या, हे काय करताय?" योगितानं विचारलं.

"आज ताजं पाणी येणार हाय. शिळं काढाया नको का?"

हसू नका, तुमच्याकडेही हंडे-कळश्या अशाच उपड्या होतात. काल ज्या पाण्यानं तहान भागवली, ते आज नळाचा वार आला की शिळं. मुक्ताबाईंनी लबाडी केली नव्हती. शिळं पाणी त्यांच्या लेखी पाणीच नव्हतं. पण नळ कधी वारावर येतो का? गेले तीन महिने दर वेळी दोन दिवस उशीर व्हायचा, आणि कोरड्या टाकीचं खापर मेहेकवर फुटायचं.

योगितानं कॅलेंडरवर चारशे लिहिले.

"हे कावून लिवलं? शिळं पाणी कुणी मोजतं का?"

"हा मोजतो, आत्या."

तेव्हा धोपाटणं उचललं गेलं. माझी काच आडवी तडकली. दुखलं, खोटं कशाला बोलू. वरून गोणपाट पडलं, पण आतला आकडा तसूभर हलला नाही.

दोन दिवस नळ आला नाही. तिसऱ्या सकाळी मेहेक भिंतीला धरत खाली आली. हातात रिकामी कळशी.

"मावशी, घर सोडायचं तर सोडते मी. पण पाणी मेहेकनं संपवलं म्हणून न्हाई सोडणार. त्या गोणपाटाखाली बघा एकदा."

मेहेक वर गेल्यावर मुक्ताबाईंनी गोणपाट काढलं आणि तडकलेल्या काचेवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग शेजारून दोन कळश्या पाणी आणलं. एक स्वयंपाकघरात नेली, दुसरी माडीच्या दारात ठेवून आल्या.

पुढच्या नळाच्या वारी तोटी सुटली नाही. नळ पुन्हा दोन दिवस लांबला, पण दोन्ही घरांत पाणी होतं. महिना संपला आणि घर खाली करायचा विषय कुणी काढला नाही. माफीही कुणी मागितली नाही.

काल मुक्ताबाई म्हणाल्या, "रईस, काढ आता ते डबडं. भांडण मिटलं न्हवं?"

रईस पाना घेऊन खाली वाकलासुद्धा. मेहेकनं त्याला अडवलं.

"ऱ्हाऊ द्या, मावशी. आज तुमी गप बसल्या, उद्या दुसरं कुणी बोलंल. आमच्याबी पाइपवर एक बसवतो आमी."

तेव्हा मी आहे तिथंच आहे. तुमच्याही घरात सुनेवर नाही तर भाडेकऱ्यावर बोट रोखलेलं असेल. बोलवा मला, मी येतो. पण दोन्ही पाइपांवर बसवायची तयारी ठेवा. फक्त दुसऱ्याच्या पाइपवर बसवायचं असेल, तर मला हात लावू नका.