दगडखाणीतला तांबडा पट्टा

मी एक जुना ड्रोन आहे. चार पात्यांपैकी एक बदललेलं, पोटाखाली कॅमेरा. मित्रांनो, लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारे माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. माझ्या वाट्याला मात्र बंगळूरजवळच्या होसकोटे गावाकडच्या बंद दगडखाणी आल्या. दगड संपला, माणसं गेली, खड्ड्यांत पाणी साचलं आणि कोण कुठून येऊन तिथे कचरा ओतू लागलं. पाण्याचा रंग कुठे बदलतोय, ते मी वरून टिपायचो.

मला उडवायची पाणी तपासणाऱ्या ऑफिसातली संयोगिता. आयुधपूजेला तिच्या आत्याने, रत्नाबाईंनी, गाड्यांबरोबर मलाही हळदकुंकू लावलं. भक्ती जरा जास्तच झाली. बोट थेट कॅमेऱ्याच्या काचेवर टेकलं.

दुसऱ्या दिवशी एका खाणीच्या पाण्यात मी तांबडा पट्टा टिपला. फोटो पाहून तिचे वरिष्ठ वेणुगोपाल साहेब म्हणाले, "काय गं, खाणीलाही कुंकू लावलं का तुझ्या आत्याने?" सगळं ऑफिस हसलं. संयोगिताही ओशाळून हसली. फोटो तसेच पडून राहिले. मला तोंड असतं तर!

दोन दिवसांनी तिने ते पुन्हा उघडले आणि दचकली. काचेवरचा डाग प्रत्येक फोटोत एकाच जागी असता. हा पट्टा तर जागा बदलत होता. आणि कोपऱ्यात, काठावर, शेळ्या पाणी पीत होत्या.

काच पुसून ती मला घेऊन धावतच खाणीवर गेली.

"अक्का, शेळ्या मागे घे!"

"तुझं भिरभिरं आधी खाली घे," शेळ्या राखणारी गंगव्वा खेकसली. "स्वल्प पाणी पिऊ दे की त्यांना!"

मी पट्ट्यामागे गेलो. झुडपांत गंजकी पिंपं कलंडली होती; त्यांतूनच तांबडं पाणी झिरपत होतं. संयोगिताने पडद्यावर ते दाखवलं. गंगव्वाने काठी आडवी धरून शेळ्या मागे हाकल्या. मग हळूच म्हणाली, "माझी काळी कालपासून चारा खात नाही, तायी."

काळी वाचली नाही. बाकीच्या अकरा वाचल्या. पाणी तपासलं, पिंपं उचलली, कुंपण घातलं. माझं कौतुक झालं. मग नवा ड्रोन आला आणि मी के. आर. पुरमच्या ऑफिसातल्या कपाटात गेलो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाया गेलेल्या त्या दोन दिवसांचं वाटतं.

मित्रांनो, नकोसं झालेलं काहीही दिसेल त्या खड्ड्यात टाकू नका. काठावर कुणीतरी तहानलेलं येतं, आणि त्याला पाणी फक्त पाणीच दिसतं.