काडेपेटीच्या कारखान्याची आग

"हे काढा." केंद्रप्रमुखांनी कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट आपटलं. "सकाळी सकाळी मेलेली माणसं कुणाला ऐकायचीत? विमानाचं उड्डाण ठेवा, राणीचा राज्याभिषेक ठेवा. काडेपेटीच्या कारखान्याची आग काय दिनविशेषात घ्यायची?"

"आपल्याच गावातली आहे, साहेब."

"म्हणूनच. गावाला माहीतच आहे की!"

निवेदिकेने कागद उचलून घेतला. रेडिओवर दिनविशेष वाचण्यात तिची हयात गेली होती. या तारखेला मात्र ती दरवर्षी रजा टाकायची. घरी आई रेडिओ कानाशी धरून बसायची आणि कार्यक्रम संपला की विचारायची, "आपल्या आगीचं का नाही गं सांगत?"

"ते जगातलं असतं, आई."

"मग आपण काय जगाबाहेरचे?"

यंदा आईने अंथरूण धरलं होतं, आणि निवेदिकेने रजा टाकली नव्हती.

ती स्टुडिओत गेली, बाहेर आली, पाणी प्यायली, पुन्हा आत गेली. खुर्ची पुढे ओढली, मागे सारली. काचेपलीकडून तंत्रज्ञाने हातानेच विचारलं, काय झालं? तिने नुसती मान हलवली. लाल दिवा लागला.

विमान उडालं. राणीच्या डोक्यावर मुकुट चढला. दूरच्या एका बेटाला स्वातंत्र्य मिळालं. मग तिने कागद बाजूला सारला.

"आजच्याच दिवशी आपल्या गावातल्या काडेपेटीच्या कारखान्याला आग लागली. कामावरच्या बायका आत अडकल्या. मागचं दार उघडायला पहारेकरी परत आत शिरला. बायका वाचल्या. तो नाही वाचला." तिने त्या पहारेकऱ्याचं, आपल्या वडिलांचं, नाव घेतलं आणि गाणं लावायची खूण केली.

केंद्रप्रमुख दारातच उभे होते. "ताई, उद्यापासून दुसरं कुणीतरी वाचेल."

"बरं."

जिना उतरून ती रस्त्यावर आली. बसची वाट बघवेना, म्हणून ती चालतच सुटली. आई रडेल? की झोपलीच असेल?

वहिनीने दार उघडलं. "जाग्याच आहेत. चहालाही हात लावला नाही."

आई उशीला टेकून बसली होती.

"ऐकलंस?"

"ऐकलं." आईने रेडिओ बाजूला ठेवला. "नाव फार घाईत घेतलंस."

"आवाज फुटत नव्हता गं."

"मग आता घे. सावकाश."

निवेदिका चपलांसकट पलंगाच्या कडेला टेकली आणि तिने नाव घेतलं, वडिलांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनावासकट. आईने डोळे मिटून ऐकलं.

"हं," ती म्हणाली. "आता दे तो चहा."