लाल पेन्सिलीने खोडलेली साक्ष

अजून सावरले नाहीये मी. लाकडाला शहारे येत नाहीत म्हणतात, पण काल दुपारी मला आले. मी लाल पेन्सिल, चर्चच्या मासिकाच्या संपादकबाईंची.

कारखान्यातून बारा जणींच्या डबीत बसून मी थेट बाईंच्या टेबलावर आले. बाई निवृत्त शिक्षिका. दर शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत त्या लिहिणाऱ्यांचा वर्ग घेतात. ‘‘प्रवचन करायला पाळकसाहेब आहेत. तुम्ही काय घडलं ते सांगा,’’ हे त्यांचं पालुपद. ‘हृदय आनंदाने भरून आलं’ असं कुणी लिहिलं, की मी त्यावर आडवी फिरलेच! ‘‘भरून आलं म्हणजे काय झालं? रडलात, की हातातला कप खाली ठेवलात?’’ माझ्यापायी कित्येकांची तोंडं उतरली. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

वर्गात एक नर्स येते. तिने आईच्या मरणाची साक्ष लिहिली होती, म्हणजे त्या दुःखात देव कसा भेटला ते. शेवटी होतं, ‘प्रभूच्या कृपेने मला अपार शांती लाभली.’ त्या ओळीवर बाईंनी मला इतकं दाबलं की कागद फाटला.

‘‘कधी लाभली? किती वाजता?’’

नर्स फाटलेला कागद चाचपू लागली.

‘‘मग ही ओळ तुझी नाही, उसनी आहे. परत लिही.’’

काल तिने नवा कागद आणला आणि उभी राहून वाचला. आई गेली त्या दिवशी तिने उशाजवळचं पवित्र शास्त्र भिंतीवर फेकलं होतं. पुठ्ठा निखळला. पुढे अकरा महिने ती पहिल्या बाकावर बसून प्रार्थनेत नुसते ओठ हलवत होती. मग वॉर्डातल्या एका म्हातारीने हात धरून विचारलं, ‘‘बाळ, माझ्यासाठी प्रार्थना करशील?’’ शब्द काही केल्या आठवेनात. ती एवढंच म्हणाली, ‘‘प्रभू, ही इथे आहे.’’

खोडण्याजोगं एक अक्षर नव्हतं. तरी बाईंनी मला खाली ठेवलं नाही.

एकाएकी त्या उठल्या. कपाटातून मासिकाचा जुना अंक काढला. त्यात त्यांची स्वतःची साक्ष होती, साऱ्या मंडळीला तोंडपाठ असलेली. त्यांनी मोठ्याने वाचलं, ‘पती शेवटचा श्वास घेत होते तेव्हा मी त्यांच्या उशाशी गुडघे टेकले होते.’ आणि मला त्या ओळीवरून सर्रकन ओढलं.

‘‘मी तिथे नव्हतेच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘घाबरून जिन्यात जाऊन बसले होते. ते एकटेच गेले.’’

माझं टोक कडकन मोडलं. याच हातात राहून मी जन्मभर दुसऱ्यांची उसनी वाक्यं पकडली होती!

नर्स हळूच म्हणाली, ‘‘बाई, कितव्या पायरीवर?’’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘तिसऱ्या. खालून शेजारीण वर येत होती. मी काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.’’

‘‘हेच लिहा ना.’’

आज सकाळी बाईंनी आधी मुलाला फोन लावला. ती साक्ष ऐकतच तो मोठा झालाय. जिन्याचं ऐकून त्याने विचारलं, ‘‘म्हणजे तू बाबांजवळ नव्हतीस?’’ बाई म्हणाल्या, ‘‘हो रे. रागव हवं तर. पण आता लिहिणार आहे.’’

त्या लिहायला बसल्यात. मी बाजूला पडलेय, बोथट. लिहिणाऱ्यांनो, मला जरूर टोक काढा; फक्त पहिल्यांदा आपल्याच कागदावर टेकवा. दुखेल. मलाही दुखलं.