बैठी उंची

साडूचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि उत्तर गेलं नव्हतं. पत्र शब्दकोशात दडवलेलं होतं. दिवसातून चारदा शब्दकोश उघडणाऱ्या माणसाला लपवायला याहून वाईट जागा सापडली नसती. कोश उघडला की पत्र जीभ दाखवल्यासारखं बाहेर डोकवायचं.

या निवृत्त मुद्रितशोधकांनी चाळीस वर्षं छापखान्यात मान खाली घालून दुसऱ्यांच्या चुका काढल्या. त्यातून दोन गोष्टी मिळाल्या: मानेचा पट्टा आणि आपलं सगळंच चुकलं असावं ही खात्री. त्यांच्या बायकोची थोरली बहीण फरशीवाल्याला दिली होती. सासुरवाडीला दोन जावयांची पारडी कधी सारखी झालीच नाहीत. साडूने दुकान वाढवलं, घर बांधलं, आणि आता पत्रात लिहिलं होतं:

'साडूभाऊ, फोनवर तुम्ही हं-हं यापलीकडे जात नाही, म्हणून लिहितो. गाडी घेतोय. चांगली लांबलचक, मागे पाय पसरून बसता येईल अशी. साधं, मधलं आणि टॉप अशी तीन मॉडेलं आहेत. आमच्या हिचा जीव टॉपच्या काचेच्या छतावर. माहितीपत्रक सोबत आहे, बारीक अक्षर वाचावं ते तुम्हीच. कुठलं घेऊ ते सांगा. आणि तुमची बैठी उंची किती, तेही कळवा. महिनाअखेर बुकिंग बंद होतं.'

बैठी उंची! लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने त्यांना गुडघ्यात वाकायला लावलं, तेव्हा याच साडूने 'उंट बसवा, उंट' म्हणून सगळ्यांना हसवलं होतं. तो उंट अजून त्याच्या डोक्यातून उतरला नव्हता तर. गाडी घेतोस ती घे, वर टोमणा कशाला?

माहितीपत्रक मात्र त्यांनी सोडलं नाही. रोज दुपारी ओळीखाली पट्टी धरून, छापखान्यातल्या प्रुफासारखं वाचलं. टॉपच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा, साध्याच्या रकान्यात आडव्या रेघा. आपण जन्मभर आडव्या रेघांच्या रकान्यात राहिलो, असं त्यांना वाटे. 'साधंच घ्या, उगाच दिखावा नको,' असं उत्तर ते मनात लिहीत आणि मनातच फाडत. हेवा माणसाला झोपू देत नाही म्हणतात. यांना तो वाचायला बसवत होता.

विसाव्या दिवशी बायकोने कपाट पुसायला काढलं.

"ताईचा फोन होता," पत्र हातात धरून ती म्हणाली. "भावोजी विचारत होते, पत्र मिळालं का. मी म्हटलं, मिळालं असतं तर यांनी लगेच उत्तर दिलं असतं. पाडलंत मला तोंडघशी."

"विचार करतोय."

"जळताय."

"मी कशाला जळू?"

"मग शब्दकोशातून धूर कसला येतोय?" तिने पत्र टेबलावर ठेवलं. "जा, आधी गाडी बघून या. न बघता कसल्या चुका काढता?"

शोरूममध्ये ते दारातून तिरके शिरले. विक्रेती लगेच पुढे आली.

"कुणासाठी बघताय, काका?"

"साडूसाठी."

"वा. म्हणजे खर्च त्यांचा, फेरफटका तुमचा."

तिने टॉप मॉडेलचं मागचं दार उघडलं. ते वाकून आत गेले, पाय पसरले, पाठ टेकली आणि डोकं टणकन वर आपटलं. मानेतून कळ गेली.

"काचेचं छत सरकायला वर जागा लागते ना, त्यामुळे अस्तर खाली येतं," ती म्हणाली. "इतरांना काही होत नाही. मागे कुणी उंच माणूस बसणार असेल तरच मधलं बघा. बसणार आहे का कुणी?"

त्यांनी मनातल्या मनात साडूच्या घरची माणसं मोजली. साडू त्यांच्या खांद्याला लागत होता. साडूची बायको त्याहून ठेंगणी, मुलगी आईवर गेलेली. साडूच्या गाडीत बसण्याजोगा उंच माणूस एकच होता, आणि तो साडूच्या घरचा नव्हता.

फरशीवाला तो. माप घेतल्याशिवाय काही कापायचा नाही.

मधल्या मॉडेलमध्ये ते बराच वेळ बसून राहिले. डोक्यावर चार बोटं जागा उरली. विक्रेतीने दोनदा पाणी विचारलं, ते दोन्ही वेळा हं म्हणाले.

घरी आल्यावर ते खुर्ची भिंतीला लावून बसले. "माझी बैठी उंची घे."

बायकोने मोजपट्टी काढली. त्यांच्या डोक्यावर शब्दकोश आडवा धरला, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. "सरळ बसा. इथे काय प्रूफ ठेवलंय मांडीवर? ...सदतीस इंच."

मग ते लिहायला बसले, आणि इथेच घोडं अडलं. 'मधलं घ्या' हा सल्ला खरा होता. पण तो लिहिताना आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या: साडूला टॉप मिळणार नाही. मेहुणीचं काचेचं छत जाणार. सल्ला डोक्यासाठी की हेव्यापोटी? त्यांनी कागद फाडला. 'टॉपच घ्या' लिहून पाहिलं. ते दिलदार दिसलं, पण धडधडीत खोटं होतं. तोही फाडला. तिसऱ्या कागदावर मात्र पेन थांबलं नाही.

'साडूभाऊ, उत्तराला उशीर झाला त्याचं कारण हेवा, दुसरं काही नाही. बैठी उंची सदतीस इंच. टॉपमध्ये मागे माझं डोकं लागतं, मधल्यात लागत नाही. पण मधलं घ्या म्हणताना मला थोडा आनंदही होतोय, तेव्हा माझ्या सल्ल्यावर जाऊ नका, टेप घेऊन स्वतः मोजा. ताईंचा हट्ट मोडवत नसेल तर टॉप घ्या. मी मान खाली घालून बसेन, सवय आहे.'

"फोन करून सांगायचं ना," बायको म्हणाली.

"फोनवर मी हं-हं करतो."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. परतताना अर्ध्या वाटेत त्यांच्या ध्यानात आलं की पत्र आपण एकदाही तपासून वाचलं नाही. वाचलं असतं, तर पहिलंच वाक्य खोडलं असतं.