डावीकडचा पोचा

धाकटा रोज सकाळी यायचा आणि फाटक न वाजवता आत शिरायचा, याचा थोरलीला पहिल्या दिवसापासून राग होता. घर तिचं, अंगण तिचं, अंगणातली पत्र्याची शेडही तिची. पण शेडमध्ये उभी असलेली जीप 'बाबांची', आणि बाबांचं म्हटलं की त्याला कुणाला विचारायची गरज वाटत नसे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्याचे हात शिवशिवत होते. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसासाठी घरी कुणी उठून उभं राहत नाही, हे त्याच्या बायकोने त्याला पुरेसं स्पष्ट केलं होतं. त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे ही जीप. एक दिवस पान्यांची नवी कोरी पेटी घेऊन तो आला आणि म्हणाला, हिला आपण पुन्हा उभी करायची. कंपनीतून निघाली तशी.

थोरली हो म्हणाली. तिलाही मनातून वाटलं होतं, की डोळे मिटण्याआधी एकदा त्या गाडीत बसून खालच्या रस्त्यापर्यंत जाऊन यावं. सत्तरी ओलांडून तिला बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण झोपेत तिचा डावा पाय अजूनही क्लच दाबायचा.

वडिलांनी ती जीप लिलावात घेतली तेव्हाच ती चार हात फिरून आलेली होती. घर टेकडीवर, गोठेवाले त्याहून वर, आणि गाव खाली. वरचं दूध खाली पोचवायचं हा वडिलांचा धंदा. तो रस्ता म्हणजे दगडांवर दगड. साध्या गाडीने त्याच्या वाटेला जाऊच नये. मग एका आजारपणात वडिलांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे जागेवर होता, पण त्या हातात पेलासुद्धा ठरेना. धाकटा तेव्हा शाळेत. थोरली एकोणीस वर्षांची आणि चणीने इतकी लहान, की सीटवर बसली की पाय क्लचपर्यंत पोचत नसे. वडिलांनी सुताराकडून एक लाकडी ठोकळा करून घेतला आणि क्लचच्या पेडलवर बोल्टने आवळून टाकला. "आता पोचतो का?" त्यांनी विचारलं. पोचत होता. त्या दिवसापासून दुधाचे कॅन, आजारी माणसं, गाभण शेळ्या, सगळं तिने वरखाली केलं. गोठेवाले तिला 'डायव्हर' म्हणायचे. आधी चेष्टेने, मग सवयीने. वडील बाजूला बसायचे आणि वाटेत झोपी जायचे. ती झोप म्हणजे तिला मिळालेलं मोठं प्रशस्तिपत्रक होतं. इतकं निर्धास्त ते घरातही झोपत नसत.

ती झोप संपली त्या पोच्यामुळे.

धाकट्याची शहरात परीक्षा होती. ती पास झाला तर पुढचं शिक्षण, नाहीतर दुधाचे कॅन. परीक्षा होईपर्यंत त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, लावला तर परीक्षा विसरायची, अशी वडिलांची सक्त ताकीद होती, आणि वडील एकदा बोलले की बोलले. थोरली त्याला बसथांब्यावर सोडायला निघाली. सपाट रस्ता लागला तसा तो मागे लागला. ताई, एकदाच. ताई, पुलापर्यंतच. तिचा त्याच्यावर जीव होता. तिने जागा बदलली. पुलाच्या तोंडाशी त्याने डावं मडगार्ड दगडी कठड्यावर घातलं. पत्रा असा आत गेला, की त्यात नारळ बसावा. धाकटा रडायलाच लागला. बाबा आता परीक्षेला पाठवणार नाहीत, माझं वाटोळं झालं, असं म्हणत तो तिच्या पदराला धरून उभा होता. थोरलीने त्याचे डोळे पुसले आणि म्हणाली, "गप. माझ्या हातून झालं म्हणून सांगते."

तसं तिने सांगितलं. वडील गाडीभोवती एक फेरी मारून आले. धड असलेल्या हाताचा अंगठा त्यांनी पोच्यातून फिरवला आणि एवढंच म्हणाले, "तुझ्यावर सोडली होती गं."

पुढे ते गाडीत कधी झोपले नाहीत. पोचा बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर यायचा. प्रत्येक वळणावर ते म्हणायचे, "जपून." ती जपूनच चालवायची, आधीही जपूनच चालवत होती, तरी, "जपून." जाईपर्यंत त्यांनी तो शब्द सोडला नाही. धाकटा परीक्षा पास झाला, शिकला, हुद्द्यावर चढला. तो कधीतरी स्वतःहून बाबांना सांगेल, याची थोरलीने वाट पाहिली. मग बाबाच राहिले नाहीत. आणि एकदा नातेवाइकांच्या घोळक्यात धाकट्याने तो किस्सा सांगितला: मला परीक्षेला सोडताना ताईने पूल कसा फोडला. सगळे खो खो हसले. थोरली चहाचे कप गोळा करत होती. तिने कप गोळा केले.

एवढं सगळं पोटात ठेवून ती शेडच्या दाराशी उभी राहून त्याचं काम बघायची.

काम कसलं, सोलणं. दुधाचे कॅन बांधायला वडिलांनी दोन्ही अंगांना कड्या जोडून घेतल्या होत्या. त्या धाकट्याने कापून काढल्या. चढायला सोपं जावं म्हणून लावलेली पायरी कापली. तिच्या पाठीला आधार म्हणून बसवलेली जादा गादी उसवून टाकली. ती काही बोलली की तो कंपनीचं जाडजूड पुस्तक उघडायचा आणि पानावर बोट ठेवायचा. ह्यात कड्या आहेत? नाहीत. पायरी आहे? नाही. मग?

"अरे, पण ती होती," थोरली म्हणाली.

"नंतर लावलेली होती. मला कंपनीतून निघाली तशी हवी."

"कंपनीतून निघाली तेव्हा ती आपली होती का?"

त्याने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. ऑफिसात शिपायाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि सांगितलं, की या विषयात तिने पडू नये. जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. तिथे परीक्षक भिंग घेऊन येतात म्हणे. एक बोल्ट जरी चुकीचा दिसला तरी नापास.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती मागच्या दाराला गेली आणि त्याने भंगारात फेकलेल्या ढिगातून लाकडी ठोकळा उचलून आणला. तिच्या पायाने घासून घासून तो मधोमध खोलगट झाला होता. तो तिने धुतला, पुसला आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे ठेवला.

त्या दिवसापासून दोघांमध्ये उघड वैर सुरू झालं. ती त्याला चहा द्यायची, पण शेडच्या उंबऱ्यावर ठेवायची, आणि ठेवल्याचं सांगायची नाही. तो गार चहा प्यायचा आणि तिच्या देखत तोंड वाकडं करायचा. त्याने शेडमध्ये जास्त उजेडाचा दिवा लावला, तर तिने विजेचं बटण घरातून बंद केलं आणि विचारल्यावर म्हणाली, कंपनीतून निघाली तेव्हा शेडमध्ये दिवा नव्हता. भावजय दोघांच्या मध्ये पडायला एकदा आली. "वन्सं, त्यांचं मन रमतंय तर रमू द्या ना," असं म्हणाली. थोरलीने तिला विचारलं, की मग तुझ्या अंगणात का नाही रमवत. भावजय पुन्हा मध्ये पडली नाही.

मग पत्रेकाम करणारा आला. हसतमुख माणूस होता, हातोडी आणि लोखंडी ठोकळा घेऊन मडगार्डापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, हा बराच जुना दिसतोय, कसा पडला?

थोरली खिडकीत होती. तिने हातातलं काम थांबवलं.

"आमच्या ताईसाहेबांची कृपा," धाकटा म्हणाला. "मी परीक्षेच्या टेन्शनमध्ये, आणि ह्यांनी गाडी घातली पुलावर. बाईमाणसाच्या हाती स्टिअरिंग दिलं की काय होणार?"

पत्रेवाला अर्धवट हसला, कारण खिडकी त्याला दिसत होती.

थोरली खाली उतरली. पत्रेवाल्याला तिने पाणी प्यायला घरात पाठवलं आणि भावासमोर उभी राहिली. त्याला साहेब, दादा, काका म्हणणारे पुष्कळ होते. ती अजून लहानपणीच्याच नावाने हाक मारायची.

"बाळ्या, हा पोचा कुणी पाडला?"

"पुन्हा काय काढलंस, ताई?"

"तू मला सांग. इथं दुसरं कुणी नाही."

त्याने हातातलं फडकं झटकलं. तो चिडला होता, पण घाबरलेला मुळीच नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही. "कुणी म्हणजे? तूच. बाबांना तूच सांगितलंस ना तुझ्या तोंडाने?"

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस तिला ओळखता येत होता. दुधाच्या धंद्यात निम्मं आयुष्य गेलं होतं. पण हा खोटं बोलतोय की इतकी वर्षं सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलंय, हे तिला कळेना. खोटारड्याला धरता येतं. ह्याला कुठे धरायचं?

"पोचा ठोकायचा नाही," ती म्हणाली. "बाकी काय हवं ते कर."

"पुस्तकात पोचा नाही," धाकटा म्हणाला.

दुपारभर हातोडीचे घाव ऐकू येत राहिले. दार लावलं तरी ऐकू येत राहिले. संध्याकाळी ती शेडमध्ये गेली तेव्हा मडगार्ड गुळगुळीत झालं होतं. वडिलांनी जिथून अंगठा फिरवला होता तिथून तिने हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. खोटं मात्र शाबूत होतं, उलट आता त्याला रंग चढणार होता.

रंग चढला. इंजिन सुरू झालं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने आपल्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींना गाडी बघायला बोलावलं, तेही तिच्याच अंगणात, तिला न विचारता. पाचसहा निवृत्त साहेब आणि त्यांच्या बायका शेडभोवती जमल्या. भावजयही आली होती. गाडी अशी चमकत होती, की थोरलीला ती ओळखूच आली नाही. एखाद्या म्हातारीला नटवून लग्नाला बसवावं तशी ती दिसत होती. धाकट्याने बाबांच्या कष्टांबद्दल सांगितलं, डोळ्यांना रुमाल लावला. मग पुलाचा किस्सा सुरू केला.

थोरली स्वयंपाकघरात गेली. डब्यांमागचा ठोकळा घेऊन आली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी तिने पदरात बांधून ठेवलेली होती. सगळ्यांच्या देखत ती जीपपाशी वाकली, ठोकळा क्लचवर ठेवला आणि पट्टीचे वेढ्यावर वेढे घेऊन करकचून बांधला. धाकट्याचा किस्सा पुलाच्या अलीकडेच अडकला.

"काय चाललंय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"फाटकाबाहेर मी काढणार आहे. पण त्याआधी किस्सा पुरा कर. चालवत कोण होतं ते सांग. ह्या मंडळींसमोर एकदाच सांग. मी पुन्हा विचारणार नाही."

तो हसला. पाहुण्यांसाठी ठेवणीतलं हसू होतं ते. आमच्या ताईला वयानुसार थोडं असं होतं, अशा अर्थाचं काहीतरी तो शेजारच्या साहेबाला म्हणाला. आणि पाहुण्यांसमोर म्हातारीशी झोंबाझोंबी नको म्हणून, की आपण किती मोठ्या मनाचे ते दिसावं म्हणून, त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

पायरी नव्हती. चढताना थोरलीला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि कुणी हात दिलेला तिने घेतला नाही. बसली. पाय टेकवला. पोचत होता. इंजिनाने एक झटका दिला आणि मग ते आवाज करू लागलं. आवाज अजून तोच होता. एवढी एक गोष्ट धाकट्याला बदलता आली नव्हती. तिने गिअर टाकला. गाडी शेडमधून अशी निघाली, की छतावरची धूळही हलली नाही. बायकांपैकी कुणीतरी वा म्हणालं.

धाकटा बाजूने चालत होता, एक हात बॉनेटवर, जणू तोच नेतोय. फाटक जवळ आलं. फाटकाच्या दोन्ही अंगांना जुने दगडी खांब होते. मधून गाडी जायला जागा होती, भरपूर होती. ह्याच खांबांमधून तिने हजारदा गाडी काढली होती, धुक्यात काढली होती, फाटका टायर घेऊन काढली होती.

"जपून, ताई," धाकटा म्हणाला.

तिने ब्रेक लावला. त्याच्याकडे बघितलं, बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. मग स्टिअरिंग किंचित डावीकडे घेतलं, मोजून घ्यावं तसं, क्लच हळूहळू सोडला, आणि डावं मडगार्ड नेमकं दगडी खांबावर नेऊन टेकवलं. टेकवून थांबली नाही. पत्रा वाकण्याचा आवाज अंगणभर झाला. नवा रंग पापुद्र्यांनी खाली पडला. मग तिने गाडी हातभर मागे घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

धाकट्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तो गुडघ्यावर बसला, मडगार्डाला हात लावला, आणि त्याचा हात आपसूक पोच्यातून फिरला.

"तू मुद्दाम केलंस," तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा होता, पुलावरचाच. "ताई, मुद्दाम केलंस तू."

"हो," थोरली म्हणाली. "हा माझा. आता जिथं सांगायचं तिथं सांग, खुशाल सांग, ताईने पाडला म्हणून."

तिने किल्ली त्याच्या खांद्यावरून खाली टाकली. मग वाकून पट्टीचे वेढे सोडले, ठोकळा काढून घेतला आणि घराकडे वळली. पायऱ्या चढताना तिला भावजयीचा आवाज ऐकू आला. ती नवऱ्याला हळूच विचारत होती, "म्हणजे मग आधीचा?"

थोरली दारात थांबली. उत्तर यायला वेळ लागला, लागतच राहिला. ती आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.