पाचवं गाणं संपलं की धुवायचं

गुळगुळीत! आमच्या पंडिताने माझ्या गाणारीबद्दल हा शब्द काढला तेव्हा माझ्या हातात वस्तरा होता. गिऱ्हाइकाची मान समोर होती म्हणून मी गप्प राहिले, नाहीतर तिथेच त्याला सुनावलं असतं.

पंडित म्हणजे माझा पुतण्या, थोरल्या जाऊबाईंचा एकुलता एक. तीन वर्षं बाहेर राहून संगीत शिकून आला आणि आल्या आल्या आमचं पार्लर सुधारायला घेतलं. पार्लर आम्हा दोघी जावांचं. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बेसिन, एकोणीस वर्षं. खिडकीजवळची खुर्ची माझी. टॉवेलांच्या फळीवर डिस्क वाजवायचं मशीन, आणि त्यात एकोणीस वर्षं एकच डिस्क. एका बाईची निवडक सोळा गाणी.

ती बाई स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतःच पियानोवर बसून गाते. मी स्वतः केस धुते, कापते आणि खाली पडलेले स्वतःच झाडते. तेव्हा आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. पार्लर उघडलं त्या आठवड्यात बाजारातल्या ढिगातून मी ती डबी उचलली, ती वरच्या फोटोमुळे. बाई बूट काढून, पाय पसरून खुर्चीत निवांत बसलीय. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला आणखी काय पाहिजे? घरी आणून वाजवलं तर काय, ही ओरडतच नाही! नवरा सोडून गेला तरी ओरडत नाही, परत आला तरी नाही. "चावी टेबलावर ठेव आणि जेवून घे," एवढंच म्हणते, आणि मागून सॅक्सोफोन हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवतो.

"काकू, असलं लिफ्टमध्ये लावतात," पंडित म्हणाला. "जॅझचा नुसता वास. यात काही घडतच नाही! आणि त्यातही निवडक संग्रह. म्हणजे कादंबरी न वाचता मागच्या पानावरचा मजकूर वाचायचा."

"घडायचं ते घरी घडतं रे बाबा," मी म्हटलं. "आणि मला निवडलेलंच पाहिजे. निवडत बसायला मी काय रिकामटेकडी आहे?"

तो हसला. भिंतींना रंग देऊन झाला होता, आरशांभोवती दिवे लागले होते, जुनं घड्याळ उतरवून खोक्यात गेलं होतं. आता मशीनची पाळी होती. त्याच्या जागी छोटा काळा स्पीकर येणार आणि त्यावर पंडिताच्या फोनमधलं 'खरं' संगीत वाजणार.

"ही डिस्क गेली तर मीही जाते," मी म्हणाले. "माझी खुर्चीसुद्धा तुझ्या आईला दे. एकीवर बसू दे, दुसरीवर पाय ठेवू दे."

बोलून बसले. आणि माझं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्या घराला ठाऊक. मी जाऊबाईंकडे बघितलं. पार्लर दोघींचं, पण त्या थोरल्या, तेव्हा शब्द त्यांचाच चालणार. त्या कंगवे पुसत होत्या.

"मला कशाला मध्ये ओढता?" त्या म्हणाल्या. "मी ते ऐकतच नाही. शनिवारी पोराचं लावून बघू. बरं वाटलं तर तेच ठेवू."

ऐकतच नाही! एकोणीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बाई असं म्हणते. खरं सांगते, पंडिताच्या 'गुळगुळीत'ने नाही लागलं एवढं त्या दोन शब्दांनी लागलं.

शनिवारी सकाळी पंडिताने मोठेपणा दाखवला. "काकू, तुझीच बाई लावतो. पण अस्सल, मैफिलीत गायलेली. तुझ्या डिस्कवर गाणी कापून छोटी केलीत. क्रम मात्र तोच ठेवलाय, बघ, तुझ्यासाठी."

मलाही बरं वाटलं. म्हटलं, पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक हेडबाई. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सोमवारी निवृत्त होणार होत्या. गेली तीस वर्षं त्या दर महिन्याला केस काळे करून घेतात, त्यातली एकोणीस वर्षं माझ्याकडून. आज येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सगळा काळा रंग काढ. निरोपाला मी माझे केस घेऊन जाणार. कुणाला म्हातारी वाटले तर वाटू दे!"

असं गिऱ्हाईक मला फार आवडतं. मी ब्लीच कालवलं, बटा वेगळ्या करून लावलं आणि म्हटलं, "लाव रे पंडिता."

आता माझी रीत सांगते. काळ्या रंगाला आठ गाणी, ब्लीचला पाच. पाचवं गाणं संपलं की धुवायचं. घड्याळाकडे बघायला मान वळवावी लागते, हात थांबतात; गाण्याला हात थांबवावे लागत नाहीत. एकोणीस वर्षांत एक केस जळला नाही. आणि ब्लीच म्हणजे खेळ नव्हे. वेळ टळली की केस रबरासारखे ताणून तुटतात आणि टाळूला फोड येतात.

पहिलं गाणं सुरू झालं. जाऊबाईंच्या खुर्चीतही त्याच वेळी एक गिऱ्हाईक येऊन बसलं. तीच चाल, तोच आवाज, फक्त मध्ये माणसं टाळ्या वाजवत होती. दुसऱ्यात पियानो लांबला. तिसरं चावीचं गाणं. आणि त्यात तो सॅक्सोफोनवाला जो सुटला! खोटं कशाला बोलू, सुंदर वाजवत होता मेला. माझ्या ओळखीच्या गल्लीत कुणीतरी नवीन दार उघडलं होतं, आणि मी आत जाऊन उभी राहिले होते. हेडबाईंचे डोळे मिटलेले. मी हातमोजे न काढता तशीच ऐकत उभी. चौथं कधी सुरू झालं, कळलंच नाही.

"धू!"

जाऊबाई ओरडल्या. आमच्या जाऊबाई, ज्या कधी आवाज चढवत नाहीत!

"अगं, काय बघतेस? माझा कट झाला! माझा कट सहा गाण्यांचा, आणि गाणं अजून चौथंच चाललंय! धू आधी!"

हेडबाईंना अक्षरशः ओढत बेसिनवर नेलं. गार पाणी सोडलं. कडेची एक बट बोटात धरून ताणली, तर किंचित लांबली, पण तुटली नाही. टाळू लालसर झाली होती, बस, तेवढंच. आणखी पाच मिनिटं गेली असती तर सोमवारी त्या शाळेत डोक्याला रुमाल बांधून गेल्या असत्या.

"हेडबाई, चूक माझी," मी म्हटलं. गाणी अख्खी आहेत हे पोराने सकाळीच सांगितलं होतं, माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

"चूक माझी आहे काकू," पंडित फोन बंद करत म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक. मग आईकडे वळून म्हणाला, "पण आई, तू तर ऐकत नाहीस ना?"

"नाहीच ऐकत," जाऊबाई म्हणाल्या. "पाठ आहे मला."

त्यांनी त्यांच्या गिऱ्हाइकाच्या खांद्यावरचे केस ब्रशने झटकले, तिला पाठवलं, आणि मगच बोलल्या.

"तू शाळेत जायचास सकाळी. त्यानंतर तुझे बाबा आणि तुझे काका, दोघं भाऊ, कशावरून पेटायचे हे तुला नाही आठवायचं. भाजी, चप्पल, काहीही. तो आवाज कानात घेऊन मी इथे यायचे. पहिलं गाणं संपेपर्यंत हात थरथरायचे माझे. दुसऱ्यात कंगवा धरता यायचा. तिसऱ्यात कात्री." "गुळगुळीत म्हणतोस. खडबडीत आम्ही दोघींनी पोटभर बघितलंय. तुला नसेल लागत, देवाची कृपा समज. पण हसू नकोस."

मी बेसिनवर वाकलेली, हात हेडबाईंच्या केसांत. माझे डोळे भरले, आणि मला रागही आला. एकोणीस वर्षं! एकाच घरातून निघून, एकाच रस्त्याने चालत आम्ही इथे यायचो. मला वाटायचं, मी एकटीच मोजतेय.

"ताई, एकदा तरी बोलायचं होतंत," मी म्हणाले.

"आणि तू बोललीस का कधी?"

मी हेडबाईंच्या केसांवरून आणखी एकदा पाणी सोडलं.

पंडिताने खोक्यातून घड्याळ काढलं आणि भिंतीवर टांगलं. टांगू दे. मग मुकाट्याने स्पीकरची वायर काढून मशीन परत फळीवर ठेवलं आणि विचारलं, "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"आणि तो लांबलचक सॅक्सोफोन मला फोनवर पाठव," मी म्हटलं. "घरी ऐकेन. इथे नाही."

हेडबाईंनी टॉवेल सोडून आरशात बघितलं. केस पूर्ण पांढरे नव्हते, मधेमधे पिवळसर छटा राहिली होती, आणखी एकदा बसावं लागणार होतं. पण त्यांनी मान अशी उचलली की शाळेची घंटा झाली असती तर सगळी पोरं रांगेत उभी राहिली असती.

"चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणि जरा आवाज वाढवा. टाळू चुणचुणतेय, मला काहीतरी मऊ ऐकू दे."

मी हात पुसले आणि आवाज दोन घरं वाढवला, बाहेर रस्त्यावर जाईल इतका. जाऊबाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं, कात्री उचलली आणि तिसऱ्या गाण्याची वाट न बघता कापायला घेतलं.